आधी घड्याळ, मग ताट

‘डॉक्टर, पित्त झालंय’ असं म्हणत दवाखान्यात शिरणाऱ्या माणसाचा पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ‘काय खायचं नाही तेवढं सांगा.’ त्याला यादी हवी असते. खरं तर यादी त्याला पाठच असते. तूरडाळ नको, वांगं नको, हिरवी मिरची नको, शेंगदाणे नकोत, तळलेलं-आंबवलेलं नको. आई, सासू, ऑफिसातले सहकारी आणि मेडिकलच्या काउंटरवरचा मुलगा अशा सगळ्यांनी मिळून ती तयार केलेली असते. मी खाली सही तेवढी करायची. त्याऐवजी मी विचारतो, रात्री किती वाजता जेवता? आणि अंथरुणाला पाठ कधी टेकता? इथे माणूस जरा गोंधळतो. ‘वेळेवर जेवतो की,’ तो म्हणतो, ‘दहाला. आणि साडेदहाला झोपतो, जागरण अजिबात नाही.’

या पुस्तकाचा सगळा रोख त्या अर्ध्या तासावर आहे.

आम्लाचा त्रास असणाऱ्या बहुतेकांच्या जठरात आम्ल जास्त तयार होतच नसतं. असायला हवं तेवढंच असतं, फक्त नको तिथे पोचतं. म्हणून ताटातला एकेक पदार्थ हद्दपार करत बसण्याआधी जेवणाची वेळ, एका बैठकीला किती जेवतो, पोटाचा घेर आणि झोपायची पद्धत याकडे बघावं, असं माझं मत आहे. पदार्थांची पाळी त्यानंतर. पुस्तकातही आहाराचं प्रकरण मुद्दाम मागे ठेवलं आहे. पुस्तक हातात घेतल्या घेतल्या बहुतेक जण तेच शोधत मागची पानं उलटतील, याचीही मला कल्पना आहे.

मात्र पित्ताची तक्रार घेऊन येणारे सगळेच या पुस्तकाचे वाचक नाहीत. उन्हातून आल्यावर अर्धं डोकं ठणकतं, उजेड सहन होत नाही, उलटी झाली की मोकळं वाटतं, हे सगळं आपल्याकडे पित्त म्हणूनच सांगितलं जातं. पण ती बहुतेक वेळा अर्धशिशी असते आणि उलटी हा तिचाच एक भाग असतो. अंगावर उठणाऱ्या गांधींचा जठरातल्या आम्लाशी संबंध नाही. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीत किंवा खांद्यात जात असेल, तर आधी सोनोग्राफी करून पित्ताशयात खडे आहेत का ते पाहायचं. अल्सर आणखी वेगळा. त्यामागे बऱ्याचदा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. हा जंतू शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं, तरी आपल्याकडे अल्सरचं खापर अजून मिरचीवरच फुटतं. हे पुस्तक आहे ते छातीच्या हाडामागे होणारी जळजळ, घशाशी येणारं आंबट पाणी, वाकलं किंवा आडवं झालं की वाढणारा त्रास, म्हणजे ज्याला डॉक्टर रिफ्लक्स म्हणतात, त्याबद्दल.

एका सवयीबद्दल इथेच बोलून टाकतो. कितीतरी घरांत दिवस उजाडतो तो बेसिनपाशी येणाऱ्या आवाजाने. दात घासून झाले की घरातला कुणीतरी जिभेच्या मुळाशी दोन बोटं घालतो आणि पित्त काढतो. बाहेर येतं ते फेसाळ, पिवळसर, कडू पाणी, आणि ते पाहून आत केवढं साचलं होतं याची त्याला खात्रीच पटते. वास्तविक उपाशी जठरात थोडा रस असायचाच, आणि जोर करून ओकारी काढली की लहान आतड्यातलं पित्तही वर ओढलं जातं. रोज काढलं तर रोज येईल. यात अन्ननलिकेचं अस्तर सोलवटतं आणि दातांवरचं एनॅमल झिजतं. पुस्तकातलं बाकी काही पटलं नाही, तरी ही बोटं घालणं तेवढं थांबवावं.

आता त्या अर्ध्या तासाकडे येऊ. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. छातीतून उतरून ती श्वासपटलातल्या भोकातून खाली येते आणि जठराला मिळते. त्या सांध्यावर स्नायूंचं एक वलय आहे, आणि बाहेरून श्वासपटलाचे तंतू त्याला आवळून धरतात. घास आला की वलय सैल होतं, घास उतरला की मिटतं. पण घास नसतानाही ते अधूनमधून उघडतं. जठराचा वरचा भाग ताणला गेला की मज्जातंतूंकरवी संदेश जातो आणि वलय काही सेकंद सैलावतं. ढेकर येतो तो असाच. धडधाकट माणसातही हे दिवसातून अनेकदा होतं, थोडं आम्ल वर येतं आणि त्याचा पत्ताही लागत नाही. भरपेट जेवलं की जठर जास्त ताणलं जातं आणि वलय जास्त वेळा उघडतं. तेच जेवण दोनदा विभागून घेतलं तर ताण कमी पडतो. पदार्थ तेच, मीठ-मसाला तोच, तरी फरक पडतो.

दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक आहे. जेवणानंतर अन्न मिसळल्यामुळे जठरातलं आम्ल सौम्य होतं, हे पूर्वीपासून माहीत होतं. मग जळजळ नेमकी जेवणानंतरच का? २००१ साली ग्लासगोच्या संशोधकांनी दाखवलं, की जेवणानंतर अन्ननलिकेच्या सांध्यालगत, अन्नाच्या वरच्या अंगाला, अन्नात न मिसळलेल्या तीव्र आम्लाचा एक साठा जमतो. सांधा उघडला की तोच आधी वर शिरतो. श्वासपटलातून जठराचा काही भाग वर सरकलेला असेल, म्हणजे हायाटस हर्निया असेल, तर हा साठा अन्ननलिकेच्या आणखी जवळ जातो. जेवल्या जेवल्या आडवं होणं म्हणजे हा साठा भरलेला असतानाच शरीराची पातळी बदलणं. उभ्या माणसाच्या मदतीला गुरुत्वाकर्षण असतं, आडव्याच्या नसतं.

झोपेत आणखी दोन बचाव थांबतात. जागेपणी आपण नकळत सारखी लाळ गिळत असतो; लाळेत बायकार्बोनेट असतं, वर आलेलं थोडं आम्ल ती धुऊन नेते आणि उरलेल्याचा जोर मोडते. झोपेत लाळ जवळजवळ बंद होते, गिळणंही. म्हणून दिवसा दहा मिनिटांत निभावणारं आम्ल रात्री अन्ननलिकेत रेंगाळत राहतं. २००५ साली ओसाकाच्या संशोधकांनी रिफ्लक्सचे १४७ रुग्ण आणि तसा त्रास नसलेली माणसं यांची तुलना केली. जेवण आणि झोप यांत तीन तासांहून कमी अंतर असणाऱ्यांत, चार तास किंवा जास्त अंतर असणाऱ्यांच्या मानाने, आजाराची शक्यता सुमारे सातपट निघाली. असा अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करत नाही, हे खरं. पण शरीराची रचना जे सांगते तेच आकडेही सांगत असतील, तर त्याकडे काणाडोळा करण्यात अर्थ नाही.

‘तीन तास आधी जेवा’ हे सांगायला एक वाक्य पुरतं. पाळायचं कसं, हा खरा प्रश्न आहे आणि पुस्तकाची सर्वांत जास्त पानं त्यावर खर्च झाली आहेत. फोर्टात काम करणारा आणि बदलापूरला राहणारा माणूस घरी पोचतो तेव्हा नऊ वाजून गेलेले असतात. हातपाय धुऊन, घरच्यांशी चार शब्द बोलून पानावर बसायला दहा. सकाळची लोकल पकडायची तर साडेदहाला झोपायलाच हवं. दिवसभरात सगळे मिळून एकत्र बसतात ते हे एकच जेवण, त्यामुळे तेच सर्वांत मोठं. अशा माणसाला ‘सातला जेवा’ म्हणणारा डॉक्टर स्वतः कधी लोकलने गेलेला नसावा. त्याच्यासाठी तोडगा दुसऱ्या डब्याचा: सहा-साडेसहाला ऑफिसातच पोळी-भाजी खाऊन घ्यायची, आणि रात्री घरच्यांबरोबर बसायचं ते वाटीभर मऊ खिचडी किंवा भाकरीचा चतकोर आणि पातळ भाजी यांवर. पंगत मोडत नाही, पोटाला तडस लागत नाही. पहिला आठवडाभर घरचे नाराज असतात. ‘मी केलेलं आवडत नाही का आता?’ हा प्रश्न येतोच, म्हणून डबा कोण देणार याची बोलणी आधीच केलेली बरी.

बायकांचं गणित निराळं. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर त्या बसतात, पातेल्यात उरलेलं वाया जाऊ नये म्हणून एक पोळी आणि डावभर भाजी जास्तीची खातात, ओटा आवरतात आणि पाठ टेकतात. ‘मी तर काहीच खात नाही, तरी जळजळतं’ असं सांगणाऱ्या कितीजणींनी त्या उरलेल्याची मोजदाद केलेली असते? त्यांच्यासाठी पथ्याचा पहिला नियम मी घरातल्या बाकीच्यांना सांगतो: उरलेलं डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवायला शिका.

आणि मग उपास. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे तर घरोघर ठाऊक आहे. साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, बटाटा आणि तूप हे मिश्रण जठरातून सावकाश पुढे सरकतं आणि तासन् तास पोट जड ठेवतं. पण माझ्या अनुभवात एकादशीपेक्षा संकष्टी जास्त त्रास देते. चंद्रोदय बहुतेक महिन्यांत रात्री साडेआठ-नऊच्या पुढेच. दिवसभर चहावर आणि थोड्या खिचडीवर काढलेला असतो. चंद्र दिसला, आरती झाली, नैवेद्य दाखवला की वरण-भात, मोदक, वर तुपाची धार, आणि भूक इतकी खवळलेली की पाऊण तासाचं जेवण पंधरा मिनिटांत संपतं. लगेच झोप. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली गर्दी पाहून काल कोणती तिथी होती ते कळतं. उपास करू नका असं मी कुणाला म्हणत नाही. ते माझं काम नव्हे. दुपारचं खाणं थोडं भरभक्कम ठेवावं आणि चंद्रोदयानंतर एक मोदक आणि वाटीभर वरण-भात यांवर उपास सोडावा. उपास सोडायचा म्हणजे पोट भरायचं, असं कुठल्याही पोथीत माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. उलट सांगली-कोल्हापूरकडच्या ज्या जैन घरांत अजून चौविहार पाळला जातो, तिथे सूर्यास्तानंतर खाणंच नसतं. त्यांनाही इतर कारणांनी रिफ्लक्स होतो, पण जेवून लगेच आडवं होण्याचा प्रश्न तिथे निकालात निघालेला असतो.

झोपायचं कसं, याचं उत्तर थोडं सुताराचं आणि थोडं गवंड्याचं आहे. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा एकावर एक ठेवल्या की साधारण सहा इंच उंची मिळते. धड सगळंच्या सगळं कलतं, आणि तेच हवं असतं. दोन-तीन उशा घेऊन हे साधत नाही. मान वर होते, कंबरेत घडी पडते आणि पोटावर उलट दाब येतो. हल्ली खाली सामान ठेवायचे पेटीचे पलंग असतात, त्यांना पायच नसतात. त्यांच्यासाठी फोमची उतरती गादी मिळते, तिने पाठीपासून वरचा भाग उचलला जातो. कूस मात्र डावी धरावी. डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या सांध्याखाली राहतं, उजव्या कुशीवर सांधाच रसात बुडतो. वामकुक्षी सांगणाऱ्यांनी कूस बरोबर निवडली होती. दुपारी ती घ्यावी की नाही, हे जेवण किती झालं आणि नंतर शतपावली झाली का यावर ठरवावं.

वजनाबद्दल बोललं की लोक दुखावतात, म्हणून थोडक्यात. पोटाभोवती साठलेली चरबी जठरावर सतत दाब देते. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत २००६ साली दिसलं, की बॉडी मास इंडेक्स साडेतीनहून जास्त वाढलेल्या स्त्रियांत वारंवार जळजळ होण्याची शक्यता पावणेतीनपटीच्या आसपास होती; आधी वजन प्रमाणात असलेल्यांतही हे दिसलं. हातापायांनी काटकुळा आणि पोटाने गरगरीत हा आपल्याकडचा नेहमीचा बांधा. त्याला वजनकाट्यावर काही वाटत नाही, पट्ट्याचं भोक बदललं की कळतं. घट्ट पट्टा, आवळलेली परकराची नाडी यांनीही दाब वाढतो. पोटाने श्वास घेण्याचा सराव ऑस्ट्रियात ग्राझ इथे एका छोट्या चाचणीत तपासला गेला आणि त्याचा फायदा दिसला. वलयाला बाहेरून आवळणारं श्वासपटल बळकट होतं, हे त्यामागचं कारण असावं. प्राणायाम करणाऱ्यांना हा सराव सहज जमेल. भरल्या पोटी कपालभाती करणाऱ्यांनी मात्र जरा थांबावं.

आता ताट. तेलकट-तुपकट जेवणाने जठर उशिरा रिकामं होतं. दारू, तंबाखू आणि चॉकलेट यांनी वलय ढिलं पडतं. तंबाखूत मशेरीही आली, दात घासायची म्हणून ती वेगळी धरू नये. पुदिना थंड म्हणून खाल्ला जातो, पण तोही वलय सैल करतो. मिरचीने आम्ल वाढतं असं नाही, आधीच सोलवटलेल्या अस्तराला ती झोंबते. थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, पण त्यातल्या कॅल्शियम आणि प्रथिनांमुळे जठर नव्याने आम्ल सोडतं. झोपताना पेलाभर दूध घेण्याची प्रथा म्हणूनच रिफ्लक्सवाल्यांना मानवत नाही. इनो किंवा खायचा सोडा आम्लाचा जोर मोडतो, सोबत वायू तयार करून ढेकर काढतो आणि ढेकराबरोबर आणखी आम्ल वर येऊ शकतं. शिवाय त्यात सोडियम भरपूर, त्यामुळे रक्तदाबवाल्यांनी त्याची सवय लावून घेऊ नये. कोकम सरबत कोकणात पित्तावर हमखास देतात. ते स्वतः आंबट असतं, आणि काहींना त्याने बरं वाटतं तर काहींना घशाशी येतं. तूरडाळीविरुद्ध मला कुठलाही सबळ पुरावा सापडलेला नाही, पण तुरीच्या वरणाने पोट फुगणारी माणसं मी रोज पाहतो. त्यांनी मूग खावा, बाकीच्यांनी उगाच आमटी सोडू नये. चहाचंही तेच. उठल्या उठल्या दोन कप कडक चहा आणि मग साडेअकरापर्यंत पोटात काही नाही, अशा माणसाने चहा सोडण्याआधी नाश्ता सुरू करावा.

आपल्या जुन्या वैद्यांना हा आजार ठाऊक होता. माधवनिदानात अम्लपित्तावर स्वतंत्र अध्याय आहे आणि वर जाणारं व खाली जाणारं असे त्याचे दोन प्रकार केले आहेत. काश्यपसंहितेत तर दमट, पाणथळ प्रदेशात तो जास्त आढळतो असं म्हटलं आहे आणि उपाय हरले तर माणसाने गाव बदलावं असाही सल्ला आहे. कोकणातल्या रुग्णाला हा सल्ला देण्याचं धाडस मला अजून झालेलं नाही.

गोळ्यांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. ओमेप्राझोल १९८८ मध्ये बाजारात आलं, मागून पँटोप्राझोल वगैरे भावंडं आली आणि या आजाराचं चित्र पालटलं, यात वाद नाही. अन्ननलिकेला जखमा असतील, रक्तस्राव होऊन गेला असेल, किंवा ॲस्पिरिनसारखी गोळी रोज चालू असेल, तर ही औषधं लागतात आणि ती घ्यावीत. पण ती आम्लाचा जोर कमी करतात, वर येणं थांबवत नाहीत. म्हणून जळजळ जाते आणि घशाशी येणं उरतं. ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असतात, कारण आम्ल सोडणारे पंप जेवणाच्या वेळी कामाला लागतात आणि गोळी तेव्हाच त्यांना गाठते. जेवून, टीव्ही बघून, झोपताना घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. वेदनाशामकाच्या जोडीला म्हणून पाच दिवसांसाठी सुरू झालेली गोळी पाच वर्षं चाललेली मी पाहिली आहे. सोडायला गेलं की पुन्हा जळजळतं, आणि माणूस म्हणतो, बघा, मला लागतेच. २००९ साली डेन्मार्कमध्ये आम्लाचा कसलाही त्रास नसलेल्या १२० निरोगी लोकांवर याची परीक्षा झाली. निम्म्यांना आठ आठवडे एसोमेप्राझोल दिलं आणि नकळत बंद केलं. त्यांच्यातल्या ४४ टक्के लोकांना पुढच्या आठवड्यांत आम्लाचा त्रास जाणवला; नुसती बनावट गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. दाबून ठेवलेले पंप मोकळे झाले की काही दिवस जास्तच काम करतात. म्हणून गोळी एकदम तोडायची नसते. डॉक्टरांच्या सल्ल्याने, वेळ आणि झोपेची घडी बसवून झाल्यावर, हळूहळू उतरवायची असते.

काही लक्षणं दिसली तर पुस्तक मिटून थेट दवाखाना गाठावा. घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, हिमोग्लोबिन कमी होत जाणं, यांसाठी एंडोस्कोपी लागते. आणि छातीत जळजळीबरोबर घाम, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, चालल्यावर वाढून थांबल्यावर कमी होणारी कळ असेल, तर गॅस झालाय म्हणून सोडा पीत बसू नये. हृदयविकाराचा झटका नेमका असाच, पोटाचा वेश घेऊन येतो. मधुमेह असलेल्यांत तर धड दुखतही नाही. आधी ईसीजी, बाकी सगळं मग.

पुस्तक वाचायला घेण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवावी. काय खाल्लं हे लोक उत्साहाने लिहितात. किती वाजता खाल्लं, किती वाजता आडवे झालो आणि त्रास कधी झाला, हे रकाने रिकामे राहतात. ते आधी भरावेत. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. औषधांचं प्रकरण शेवटी आहे. ते वाचताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी हाताशी असू द्यावी. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी वलय सैल पडू शकतं, आणि हाडांसाठी दिलेली ॲलेंड्रोनेटची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवं झालं तर ती अन्ननलिकेतच चिकटून तिथे व्रण करते. अशी गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर निदान अर्धा तास ताठ बसावं.